आधणागणिक एक फूल

नदीकाठच्या कोण्या एका गावी एक गुळव्या राहत होता. उसाचा रस आटवून गूळ करायचा हे त्याचं काम, आणि त्या कामात त्याचा हात धरणारं आसपासच्या गावांत कोणी नव्हतं. बाजारात त्याची ढेप फोडली की माश्यांच्या आधी माणसं गोळा व्हायची. तेव्हा गडी थोडा ताठ्यात असायचा, आणि ते बरोबरच होतं.

पण गुळापेक्षाही त्याला दुसऱ्याच एका गोष्टीचा अभिमान जास्त. आपल्याला सवड नाही, याचा. कोणी सहज विचारलं, "काय, बरं आहे का?" तर हा म्हणायचा, "बरं कसलं? मरायला सवड नाही." कोणी जेवायला बोलावलं तर सवड नाही, कोणी कीर्तनाला बोलावलं तर सवड नाही. सवड नाही म्हणताना त्याची मान अशी काही वर व्हायची, की ऐकणाऱ्याला आपण रिकामटेकडे असल्याची लाज वाटावी.

आता खरं सांगायचं तर त्याला काम होतंच. उसाचा रस मोठ्या काहिलीत ओतायचा, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं सारायची, भेंडीची झुडपं ठेचून त्यांचं चिकट पाणी रसात घालायचं, म्हणजे सगळी घाण वर येते. ती मळी झाऱ्यानं काढून टाकायची. काहिलीत एका वेळी घातलेल्या रसाला तिकडे आधण म्हणतात. एक आधण उतरलं की दुसरं चढवायचं, असं दिवसभर. पण मळी काढून झाली की रस आपला रटरटत आटत बसतो, आणि तेवढा वेळ गुळव्याला काही काम नसतं. नुसतं बसायचं आणि नाकानं अंदाज घेत राहायचं. आमचा गुळव्या तेवढ्या वेळात काय करायचा? वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून थांबवायचा आणि आपल्याला किती काम आहे ते त्याला सांगायचा.

या गुळव्याला सुंद्रा नावाची एकच लेक होती. आणि त्या गावात एक जुनी चाल होती. लेकीच्या लग्नात ती ज्या पाटावर बसते तो पाट बापानं आपल्या हातानं रंगवायचा. लग्नाच्या दिवशी बापानं तो डोक्यावर घेऊन मांडवात यायचं, व्याह्यांपुढे ठेवायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "हा माझ्या हातचा." मग लेक त्यावर बसायची, आणि सासरी जाताना तो पाट तिच्याबरोबर जायचा. बापाची तेवढीच एक खूण तिच्या घरात राहायची.

सुंद्रा जन्मली त्याच साली गुळव्यानं चांगल्या सागाचा पाट करून घेतला होता. त्यावर काय काढायचं तेही ठरलेलं होतं. मधोमध अंबारीचा हत्ती, पुढे वाजंत्री, मागे घोडे, वर पोपटांची रांग आणि कडेनं सगळा गाव. हे चित्र त्यानं गावात इतक्या जणांना तोंडानं काढून दाखवलं होतं, की लोकांना तो हत्ती पाठ झाला होता. फक्त पाट तेवढा कोरा होता. सुंद्रा चालायला लागली, बोलायला लागली, बापाची भाकरी घेऊन गुऱ्हाळावर यायला लागली, आणि पाट आपला भिंतीला टेकून उभा. बायकोनं आठवण केली की गुळव्या म्हणायचा, "असलं काम काय घाईत होतं? चांगली सवड मिळू दे. एकदा बसलो की उठायचो नाही."

आणि मग सुंद्राचं लग्न ठरलं. ठरलं ते नेमकं गुऱ्हाळाच्या ऐन हंगामात.

आता मात्र गुळव्याची धांदल उडाली. एका सकाळी आधण चढवण्याआधी तो कोळसा घेऊन पाटासमोर बसला आणि हत्ती काढायला लागला. हत्तीची पाठ बरी जमली. सोंड काढली ती मागच्या पायासारखी दिसायला लागली. पाय काढले तर हत्ती बसला आहे की पडला आहे ते कळेना. शेजारचा एक म्हातारा वाटेनं चालला होता, त्यानं थांबून कौतुकानं विचारलं, की भोपळा फारच छान जमलाय, आता वेल कुठून काढणार? गुळव्यानं पाट उलटा केला, आणि म्हातारा गेल्यावर चित्र पुसून टाकलं.

बाजाराच्या गावी एक चित्रकार होता. त्याचा बाप चित्रकार, आजाही चित्रकार. हात मोठा गोड. गुळव्या बाजाराच्या दिवशी त्याच्याकडे गेला, इकडे तिकडे पाहिलं, आणि हळूच अडचण सांगितली. चित्रकाराला त्यात नवल वाटलं नाही. त्यानं आतून एक पाट आणून दाखवला. त्यावर पिसारा फुलवलेला मोर होता, आणि तो इतका देखणा होता की गुळव्या हत्ती विसरला. एका ढेपेवर सौदा झाला. पाट घोंगडीत गुंडाळून तो घरी आला आणि त्यानं तो आतल्या खोलीत ठेवला.

सुंद्रानं घोंगडी उलगडून पाहिली. किती तरी वेळ ती मोराकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "छान आहे हो आबा. तुमच्या हातचा नसला तरी चालेल मला. तुम्हाला तरी सवड कुठली?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच गुळव्याला लागलं. टोमणा असता तर त्यानं दोन शब्द सुनावले असते. पण पोरगी मनापासून बोलत होती. तिनं लहानपणापासून तेवढंच ऐकलं होतं आणि ते खरं मानलं होतं. गुळव्याला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तो गुऱ्हाळावर भेंडीची झुडपं कोयत्यानं तोडत होता. बायको तिथंच होती. लग्नघर म्हणून ती चुलवाणाच्या कडेला गेरूचे पट्टे ओढत होती. झुडपांना काही जून भेंड्या राहिल्या होत्या. कोयत्याच्या घावासरशी एक भेंडी मधोमध तुटली आणि उडून बायकोच्या गेरूच्या मडक्यात पडली. बायको ओरडेल म्हणून गुळव्यानं ती पटकन काढली आणि बाजूच्या चुना दिलेल्या भिंतीवर टेकवली, निथळावी म्हणून. उचलून पाहतो तर भिंतीवर पाच पाकळ्यांचं तांबडं फूल.

त्यानं आणखी एकदा टेकवली. आणखी एक फूल. भेंडीच्या पाण्याचा चिकटपणा असा, की रंग ओघळेना की पसरेना.

बायकोचा हात थांबला. तिनं फुलांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"हे आधण उतरायला अजून किती वेळ आहे?" तिनं विचारलं.

"आहे थोडा. मळी आत्ताच काढली. पण तेवढ्यात काय होणार?"

"एक फूल झालं की तेवढ्यात," बायको म्हणाली, आणि परत गेरूकडे वळली.

 गुळव्यानं घरी जाऊन कोरा पाट आणला, पांढऱ्या मातीचा हात दिला आणि गुऱ्हाळाच्या खांबाला टेकवून ठेवला. पुढचं आधण आटायला लागलं तेव्हा त्यानं भेंडी कापली आणि पाटाच्या कोपऱ्यात पहिलं फूल उमटवलं. फूल जरा तिरकं बसलं. गुळव्याला मात्र ते असं आवडलं, की वाटेनं जाणाऱ्याला हाक मारायची तो विसरून गेला.

आता माणूस म्हटला की हाव आलीच. त्या दिवशी दुपारी त्याला एका फुलानं समाधान होईना. दुसरं काढलं, तिसरं काढलं, फुलाला देठ हवा म्हणून उसाचं चिपाड चावून त्याची कुंचली केली, देठाला पान हवं म्हणून पाल्याचा हिरवा रंग कालवला. पान रंगवता रंगवता नाकाला करपट वास आला. धावत जाऊन पाहतो तर आधण काळं पडलेलं. तो गूळ कोणी तोंडात धरेना. शेवटी गुरांना घालावा लागला. गावात हसं झालं. गुळव्यानं गूळ जाळला, असं कधी घडलंच नव्हतं.

हात चोळत बसण्यापेक्षा गुळव्यानं त्यातून एक नेम काढला. एका आधणाला एकच. फूल तर फूल, पान तर पान. ते झालं की भेंडी खाली ठेवायची आणि काहिलीपाशी जायचं, मग मनात कितीही उकळी फुटो. नेम लागला आणि दोन्ही कामं जमायला लागली. एका आधणाला उसाच्या कांडीचं टोक हळदीत बुडवून चंद्र उमटला. एका आधणाला अंगठा हिरव्या रंगात बुडवून ठसा मारला, त्याला काजळीनं चोच आणि डोळा काढला, झाला पोपट. दुसऱ्या आधणाला दुसरा पोपट, पण त्या दिवशी अंगठ्याला फोड आलेला होता, म्हणून तो पोपट जरा लठ्ठ झाला. सुंद्रा भाकरी घेऊन येताना दिसली की तो पाट घोंगडीखाली झाकायचा. एकदा ती भाकरी ठेवून गेली, आणि ती पाठमोरी दिसेनाशी होईपर्यंत गुळव्यानं गेरूत बोट बुडवून डोक्यावर टोपली घेतलेली एक पोर काढली. चार रेघा आणि एक टिकली, एवढंच. पण चाल तिचीच होती.

गंमत म्हणजे आता तो कोणाला सवड नाही असं सांगत नव्हता. ते सांगायला त्याला खरंच वेळ मिळत नव्हता.

लग्न उद्यावर आलं. चुलवाण निवालं, पाट घरी आला. गुळव्यानं आतल्या खोलीत तो मोराच्या पाटाशेजारी ठेवला, आणि त्याचा धीरच सुटला. मोराच्या पिसाऱ्यात एक रेघ चुकीची नव्हती. याच्या पाटावर एक फूल सरळ नव्हतं. एक कोपरा तर कोराच राहिला होता, तेवढी आधणं झालीच नव्हती. सासरची माणसं तालेवार. त्यात नवऱ्याच्या थोरल्या काकूची जीभ म्हणजे नुसता कोयता, असं सगळे सांगायचे. उद्या भर मांडवात हसं झालं तर ते आपल्यावर नाही, पोरीवर येईल. ती तिथं जन्मभर राहायची आहे. गुळव्यानं बायकोला सांगून टाकलं, की मोराचाच पाट मांडायचा. बायको एवढंच म्हणाली, की पाट तुम्ही न्यायचा आहे, बोलायचंही तुम्हालाच आहे.

लग्नाच्या दिवशी मांडव माणसांनी भरला. गावातले सगळे बाप पुढे बसले होते, कारण आपापल्या वेळी सगळ्यांनी पाट आणले होते. सनई थांबली. पाट आणण्याची वेळ झाली.

गुळव्या आत गेला. मोराचा पाट उचलला, डोक्यावर घेतला आणि दारापर्यंत आला. बाहेर जाऊन काय म्हणायचं ते त्यानं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. हा माझ्या. एवढंच आलं. पुढचा शब्द येईना. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा तिथंच अडलं. आयुष्यात त्यानं कधी खोटा गूळ विकला नव्हता, आणि आज लेकीला काय खोटं देऊन पाठवायचं? हे मनात आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला. तो मागं फिरला. मोर भिंतीला टेकवला आणि आपला पाट डोक्यावर घेतला.

मांडवात येऊन त्यानं तो व्याह्यांपुढे ठेवला. मान खाली घालून नाही, चांगली वर करून म्हणाला, "हा माझ्या हातचा."

 मागून कोणीतरी फिसकन हसलं. दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. सुंद्रा आतून बाहेर आली होती. तिनं पाट पाहिला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. तिला वाटलं होतं मोर येणार.

तेवढ्यात नवऱ्याची थोरली काकू उठली. पाटापाशी येऊन गुडघ्यावर बसली. फुलावरून बोट फिरवलं, पोपट पाहिला, लठ्ठ पोपट पाहिला. 

"पाहुणे, ही फुलं कशानं काढली?"

"भेंडीनं," गुळव्या म्हणाला. "बाई, मला चित्रं येत नाहीत. एक आधण आटेपर्यंत जेवढं होईल तेवढं केलं. प्रत्येक आधणाला एक. त्यानं पाट भरला नाही, कोपरा राहिला."

"आणि ही पोर कोण?"

"ती माझी सुंद्रा. भाकरी देऊन घरी चाललेली."

 काकू मांडवाकडे वळली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा धारदार नव्हता.

"आमच्या गावात तुमच्या गावच्या पुष्कळ लेकी नांदतात," ती म्हणाली. "मीही याच गावची. प्रत्येकीच्या घरात बापाच्या हातचा पाट आहे, आणि प्रत्येकीच्या पाटावर मोर आहे. तोच मोर, तोच डोळा, तोच पिसारा. बायका हळदीकुंकवाला जमल्या की सगळ्याजणी मोरावर बसतात आणि कोणी कोणाला काही विचारत नाही. माझ्याही पाटावर मोरच आहे. बाप जाऊन किती वर्षं झाली. माझ्या बापाचा हात कसा होता ते मला अजून ठाऊक नाही."

पुढे बसलेल्या बापांनी माना खाली घातल्या. कोणी पागोटं सारखं करायला लागलं, कोणी उगाच जमिनीवर काडीनं रेघा ओढायला लागलं. हसणारं कोणी उरलं नाही.

काकूनं सुंद्राचा हात धरून तिला पाटाशी आणलं. सुंद्रा बसताना थबकली. तिनं शालूचा घोळ दोन्ही हातांनी आवरून धरला, आणि पाटाच्या कोऱ्या कोपऱ्यावर अंग चोरून बसली, एकही फूल झाकलं जाऊ नये म्हणून. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती सगळ्या मांडवाकडे अशा ऐटीत पाहत होती, की राजाची लेकही बसली नसेल.

"आबा," ती म्हणाली, "एवढ्या सगळ्या आधणांना तुम्ही माझीच आठवण काढत होता?"

 गुळव्यानं नुसती मान हलवली. गूळ उत्तम झाला म्हणून त्याची छाती आजवर किती तरी वेळा फुगली होती, पण आज जशी फुगली तशी कधी फुगली नव्हती. वऱ्हाड जेवून उठेपर्यंत ती तशीच राहिली. बायकोनं शेवटी त्याला हळूच सांगितलं, की अहो, आता जरा श्वास सोडा.

सुंद्रा सासरी गेली, पाट तिच्याबरोबर गेला. पुढच्या बाजारी लोहारानं लोखंड तापेपर्यंत आपल्या लेकीच्या पाटावर खिळ्याच्या डोक्याचे ठसे उमटवायला सुरुवात केली. तेल्यानं घाण्याचा बैल पाणी पिऊन येईपर्यंत जवसाची फुलं काढली. त्याची फुलं फुलांपेक्षा बटाट्यांसारखी जास्त दिसत, पण त्याच्या लेकीसमोर तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती. चित्रकाराची मोराची मागणी थोडी कमी झाली खरी. पण त्याचीही लेक लग्नाला आली होती, आणि दुसऱ्यांचे पाट रंगवता रंगवता तिचा पाट कोराच राहिला होता. तेव्हा तोही एक दिवस गुऱ्हाळावर आला आणि गुळव्याशेजारी बसून विचारायला लागला, की एका आधणाला किती वेळ लागतो. गुळव्यानं त्याला बसायला घोंगडी दिली, हातावर ताज्या गुळाचा खडा ठेवला आणि मोठ्या ऐटीत त्याला समजावून सांगायला लागला.

या गोष्टीचं तात्पर्य: मोठी सवड मिळाल्यावर मोठं काही करू म्हणणाऱ्याच्या हातून काहीच होत नाही; कामाच्या मधल्या चिमूटभर वेळात आपल्या हातानं केलेलं वेडंवाकडंही आपल्या माणसाला जन्मभर पुरतं.